तुम्ही विचारलंत म्हणून: पन्नाशीला टेकलेला पिचर जिंकतो तरी कसा?

"चेंडू जातोय ताशी १२७ किलोमीटरने. आपल्याकडे एवढा वेग मध्यमगतीवालाही काढतो. मग अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये एकोणपन्नास वर्षांचा माणूस या वेगावर सामना जिंकतो कसा? समोरचे झोपले होते का?"

जेमी मॉयर या अमेरिकन बेसबॉल पिचरचं (पिचर म्हणजे तिथला गोलंदाज) नाव निघालं की क्रिकेट बघणाऱ्या माणसाकडून हा प्रश्न हमखास येतो. त्याला जोडून दुसराही असतो: "बेसबॉलमध्ये पळत येऊन टाकायचं नसतं, म्हणून टिकतात ना हे लोक?" दुसऱ्याचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. पहिल्याला जरा वेळ लागेल, कारण त्यात मनगटापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळं येतं.

आधी तो सामना. १७ एप्रिल २०१२, डेन्व्हरचं कूर्स फील्ड. मॉयर कोलोरॅडो रॉकीजकडून, समोर सॅन डिएगो पाड्रेस. मॉयरचं वय ४९ वर्षं १५१ दिवस. त्याने नऊपैकी सात इनिंग (डाव) टाकल्या, ८७ चेंडू, सहा हिट (फलंदाजाला बेसवर पोचवणारे फटके), दोन धावा. त्या दोन्हीही क्षेत्ररक्षणातल्या चुकीमुळे आलेल्या, म्हणजे त्याच्या खात्यात धरल्या न जाणाऱ्या. रॉकीज ५-३ ने जिंकले आणि मेजर लीगचा, म्हणजे त्या सगळ्यात वरच्या लीगचा, सामना जिंकणारा सगळ्यात वयस्कर पिचर हा मान मॉयरकडे आला. आधीचा विक्रम जॅक क्विनचा होता, १९३२ सालचा. त्या रात्री मॉयरच्या सगळ्यात वेगवान चेंडूचा वेग होता ताशी ७९ मैल. तुम्ही म्हणता ते १२७ किलोमीटर हेच. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच, हवा विरळ, त्यामुळे मारलेला चेंडू लांब जातो आणि टाकलेला चेंडू कमी वळतो. वळणावर पोट भरणाऱ्या पिचरला याहून वाईट मैदान शोधून सापडायचं नाही.

या आकड्यांतला माझ्या मते सगळ्यात बोलका आकडा स्ट्राइकआउटचा, म्हणजे चेंडू मैदानात न मारताच बाद झालेल्या फलंदाजांचा, आहे: एक. सात इनिंगमध्ये फक्त एक. म्हणजे फलंदाजांना चेंडू लागत होता. लागत होता, पण बॅटच्या मधोमध लागत नव्हता. दांड्याजवळ नाहीतर टोकाला लागून घरंगळत किंवा उंच उडून थेट क्षेत्ररक्षकाकडे जात होता. मॉयरचा सगळा धंदा या दोन-तीन इंचांत सामावलेला होता.

आता वेगाचा हिशोब मांडू. पिचरच्या पायाखालची रबराची पट्टी ते फलंदाजाजवळची होम प्लेट हे अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. पण तो पाऊल टाकत पुढे येतो, त्यामुळे चेंडू हातातून सुटतो तो प्लेटपासून साधारण ५५ फुटांवर. ९० मैलांचा चेंडू हे अंतर सुमारे ०.४३ सेकंदात कापतो, ७९ चा अर्ध्या सेकंदात. फलंदाज आयुष्यभर पहिल्याची सवय करून आलेला असतो. पण नुसता सावकाश चेंडू म्हणजे बक्षीसच की! दुसऱ्या-तिसऱ्या चेंडूला फलंदाज जुळवून घेतो आणि चेंडू प्रेक्षकांत जातो. म्हणून त्या ७९ च्या जोडीला ७१-७२ चा चेंडू लागतो, जो हातातून सुटताना अगदी ७९ सारखाच दिसतो. त्याला चेंजअप म्हणतात. दोघांच्या पोचण्यात सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास फरक पडतो. ऐकायला काहीच नाही. पण जोरात फिरणाऱ्या बॅटचं टोक तेवढ्या वेळात मीटरभर पुढे गेलेलं असतं. शिवाय सावकाश चेंडूला खाली पडायला जास्त वेळ मिळतो, म्हणून तो उशिराही येतो आणि खालीही येतो. फलंदाज एकदम दोन्हींत चुकतो.

तर उत्तराचा गाभा एवढाच: मॉयरची रोजीरोटी दोन चेंडूंच्या वेगातल्या फरकावर चालत होती. फास्टबॉल (पूर्ण जोराचा चेंडू) ९५ आणि चेंजअप ८६ असला तरी फरक तितकाच. ९५ वाल्याची एखादी चूक वेग झाकून टाकतो, मॉयरची चूक झाकायला काही नव्हतं. बस.

याचा पुरावाही त्याच्याच खात्यात आहे. कारकिर्दीत त्याने ५२२ होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) दिले, मेजर लीगच्या इतिहासात सगळ्यात जास्त. २००४ या एका मोसमात ४४. चेंजअप गुडघ्याच्या रेषेत राहायच्याऐवजी कमरेला राहिला की तो चेंजअप उरत नाही, सरावाला टाकलेला चेंडू होतो. पण ५२२ होम रन देण्यासाठी ४,०७४ इनिंग टाकायला कुणीतरी तुम्हाला माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) ठेवावं लागतं, हेही लक्षात घ्या. हा विक्रम लोक चेष्टेने सांगतात. मला तो कौतुकाचा वाटतो.

चेंजअपची पकड एकदा नीट बघू. घरात टेनिस बॉल असेल तर घ्या. खरा बेसबॉल परिघाला ९ ते सव्वानऊ इंच, १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा साधारण १४ ग्रॅमने हलका, आणि त्यावर नालेच्या आकाराची लाल शिवण. फास्टबॉलला तर्जनी आणि मधलं बोट शिवणीवर आडवं, अंगठा खाली, चेंडू बोटांच्या पेरांवर. तळहात आणि चेंडू यांच्यामध्ये फट दिसली पाहिजे. चेंजअपच्या प्रकारांत सर्कल चेंज सगळ्यात प्रचलित. त्यात अंगठा आणि तर्जनी चेंडूच्या कडेला एकमेकांना टेकवून गोल करायचा, मधलं बोट आणि अनामिका वर, करंगळी दुसऱ्या कडेला. चेंडू हातात खोलवर बसतो. चेंडूला सगळ्यात जास्त जोर देणारं बोट म्हणजे तर्जनी, तिलाच आपण बाजूला काढलं. त्यामुळे हात पूर्ण वेगाने फिरला तरी चेंडूला कमी वेग मिळतो. सोडताना तळहात किंचित बाहेर वळतो, अंगठा खाली जातो, आणि डावखुऱ्याचा चेंडू उजव्या फलंदाजापासून लांब सरकत जातो.

चुका कुठे होतात? पहिली आणि सगळ्यांची: चेंडू सावकाश टाकायचा म्हणून हातच सावकाश फिरवायचा. फलंदाजाला ते खांद्याच्या हालचालीतच दिसतं. दुसरी, पकड आवळणे. आवळलेला चेंडू वर राहतो. चेंडू अंड्यासारखा धरायचा, असं प्रशिक्षक सांगतात ते यासाठी. तिसरी चूक जास्त मजेशीर आहे. ग्लोव्हच्या आत चेंडू चेंजअपसाठी फिरवून घेताना ग्लोव्ह थोडा फुगतो, आणि समोरच्या डगआउटमध्ये (संघाच्या बाकावर) बसलेला एखादा चाणाक्ष माणूस दोन इनिंगमध्ये ते हेरतो. उपाय साधा: प्रत्येक चेंडूला आधी चेंजअपची पकड घ्यायची आणि फास्टबॉल टाकायचा असेल तर तिथून बदलायची. चेंजअपपासून फास्टबॉलकडे जायला हालचाल कमी लागते, उलट जायला जास्त.

फरकाच्या जोडीला जागा. प्लेट १७ इंच रुंद, म्हणजे ४३ सेंटीमीटर. चेंडूची कड प्लेटच्या कडेवरून गेली तरी स्ट्राइक (पिचरच्या बाजूने मोजला जाणारा चेंडू), म्हणजे प्रत्यक्षात ५७-५८ सेंटीमीटर मिळतात. यातली मधली वीत-दीड वीत मॉयरसाठी निषिद्ध भाग. आणि इथे लोकांच्या अपेक्षेच्या उलट गोष्ट आहे: सावकाश टाकणाऱ्याने फलंदाजाच्या अंगाजवळ टाकायचं धाडस करावंच लागतं. अंगाजवळचा चेंडू मारायचा तर बॅट लवकर, शरीराच्या पुढे आणावी लागते; म्हणजे तोच ७९ फलंदाजाला ८३-८४ वाटतो. बाहेरच्या कडेचा चेंडू उशिरा मारायचा असतो, म्हणून तिथला ७२ अजूनच सुस्त वाटतो. उजव्या फलंदाजाला डावखुरा मॉयर कटर टाकायचा, जो शेवटच्या क्षणी आत, हाताच्या मुठीकडे शिरतो. फलंदाज दचकून तो फाउल (रेषेबाहेर) मारतो. आता त्याच्या डोक्यात आतला चेंडू बसला, पाय जरा मोकळा पडायला लागला. पुढचा चेंजअप बाहेर, खाली, कडेपासून दोन बोटं लांब. फलंदाज ताणून मारतो आणि चेंडू घरंगळत शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे). आतला कटर न टाकता नुसता बाहेर-बाहेर टाकत राहिलात तर तिसऱ्या इनिंगपर्यंत फलंदाज प्लेटवर ओणवे होऊन तोच चेंडू उलट्या दिशेला मारायला लागतात. सावकाश पिचरांच्या बहुतेक कारकिर्दी इथे संपतात.

मॉयरचीही संपत आलीच होती. १६ जून १९८६ ला शिकागो कब्जकडून पदार्पण, समोर स्टीव्ह कार्लटन, ३२९ विजयांचा धनी, आणि मॉयरने तो सामना जिंकला. सुरुवात अशी आणि पुढे? तिसाव्या वाढदिवसाला खात्यात ३४ विजय आणि ५४ पराभव. १९९१ मध्ये सेंट लुईसकडून ०-५ (विजय-पराभव). १९९२ हे आख्खं वर्ष मायनर (खालच्या दर्जाच्या) लीगमध्ये. कब्जनी त्याला प्रशिक्षकाची नोकरी देऊ केली होती. त्या वयात ते 'आता पुरे' असं सांगण्याचं सभ्य रूप असतं. त्यानंतर त्याने २३५ सामने जिंकले. २००१ मध्ये सिअ‍ॅटलकडून २०-६, २००३ मध्ये २१-७, आणि चाळिशी उलटल्यावर एकंदर १०५ विजय. २००८ ला ४५ व्या वर्षी फिलाडेल्फियाकडून वर्ल्ड सिरीजचा (मोसमाच्या अंतिम मालिकेचा) तिसरा सामना सुरू केला. हार्वी डॉर्फमन या क्रीडा मानसतज्ज्ञाशी त्याची जोडी जमली, त्याचा वाटा मोठा मानतात. दोन चेंडूंमधला वेळ कसा घालवायचा, आदल्या चेंडूचा होम रन डोक्यातून कसा काढायचा, हे त्यांचं काम. मी त्यात खोल शिरत नाही.

आता "पळत येऊन टाकायचं नसतं म्हणून सोपं" या मुद्द्याकडे. क्रिकेटमध्ये धावत येण्याने बराचसा वेग आयता मिळतो आणि टाकताना वाकलेलं कोपर सरळ करण्यावर बंधन असतं. म्हणून वेगवान गोलंदाजाची कंबर जाते, पुढचा गुडघा जातो, घोटा जातो. जेम्स अँडरसन ४१ व्या वर्षापर्यंत, ७०४ बळींपर्यंत कसोटी खेळला, तो त्या भारातून. पिचर जागच्या जागी उभा राहून, कोपर वाकवून, आसूड ओढल्यासारखा हात फेकतो. खांद्याचा फिरण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७,००० अंशांपर्यंत जातो. तो वेग टिकला असता तर हात सेकंदात एकोणीस-वीस वेळा गोल फिरला असता. माणसाच्या शरीरातली मोजलेली सगळ्यात वेगवान हालचाल म्हणून ही सांगितली जाते. कोपराच्या आतल्या बाजूला, करंगळीच्या रेषेत, एक छोटं लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा) असतं. प्रयोगशाळेत ते सुटं ताणून पाहिलं, तर एका जोरदार चेंडूला कोपरावर जेवढा भार येतो त्याच्या निम्म्याच्या आसपासच तुटतं. मग रोज शंभर चेंडू टाकूनही ते तुटत का नाही? कारण उरलेला भार पुढच्या हाताचे स्नायू उचलतात. ते थकले की सगळं लिगामेंटवर येतं. दुखापत थकव्यात होते म्हणतात त्यामागचं कारण हेच.

म्हणून तांदूळ. तो कार्लटन, ज्याला मॉयरने पहिल्या सामन्यात हरवलं, तो तांदळाच्या टबात हात खुपसून व्यायाम करायचा आणि ते सगळीकडे गाजलं होतं. घरी करायचं तर खोल बादली घ्या, कोपराच्या चार बोटं खालपर्यंत हात बुडेल इतका तांदूळ. हात तळाशी न्या. आत बोटं पूर्ण उघडा, मिटा, अर्धा मिनिट. मग मूठ वळवून मनगट आत-बाहेर फिरवा, अर्धा मिनिट. मग बोटांनी उकरत खाली जा. अशा दोन-तीन फेऱ्यांत पुढचा हात भरून येतो. जाड रेशनचा तांदूळ उत्तम, बासमती वाया घालवू नका. आणि त्याच तांदळाचा भात लावू नका, एवढंच.

पण हात हा आसुडाचं टोक आहे. आसूड मुठीतून चालतो, तशी पिचिंग पायातून आणि खुब्यातून. मागचा पाय रबर ढकलतो, पुढचं पाऊल उंचीच्या ऐंशी-नव्वद टक्के लांब पडतं, आधी खुबा उघडतो, छाती थोडी मागे राहते, मग ती फिरते, मग खांदा, मग कोपर, शेवटी हात. प्रत्येक भाग थांबून आपला वेग पुढच्याला देतो. पुढचं पाऊल जमिनीला टेकेल तेव्हा चेंडूचा हात वर, जागेवर आलेला पाहिजे. तो उशिरा आला तर शरीर पुढे गेलेलं आणि हात मागे लटकलेला. तेवढा वेळ कोपर सगळं एकटं ओढतं. पाऊल फार उघडं पडलं तरी हेच होतं. यावर टॉम हाऊस या प्रशिक्षकाचा टॉवेलचा सराव प्रसिद्ध आहे. चेंडूऐवजी हातात टॉवेलचं टोक धरायचं. पाऊल जिथे पडतं तिथून टाच-बोट लावून पाच पावलं पुढे जोडीदाराने हात धरायचा आणि पूर्ण हालचाल करून टॉवेलने त्या हातावर फटका मारायचा. खांदा लवकर उघडला तर टॉवेल पोचतच नाही. चेंडू न टाकता चूक पकडता येते, हा त्याचा फायदा. याच हाऊसने २००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोघांना शिकवलं होतं. दोघे भालाफेकपटू, क्रिकेटवालेही नव्हेत. वर्षअखेरीला पिट्सबर्ग पायरेट्सनी दोघांना करारबद्ध केलं.

म्हातारे पिचर पायांच्या मागे लागलेले असतात ते या कारणाने. नोलन रायन हे टोकाचं उदाहरण. २७ मोसम, ५,७१४ स्ट्राइकआउट, आणि १ मे १९९१ ला ४४ व्या वर्षी सातवा नो-हिटर (एकही हिट न दिलेला सामना). तो सामना संपल्यावरही तो जागच्या सायकलवर पाय मारत होता. सामन्यानंतर पाय मोकळे केले नाहीत तर तिसऱ्या दिवशी मांड्या जड राहतात, पाऊल चार बोटं आखूड पडतं, आणि तेवढी कसर हात भरून काढायला जातो. रायनची गोष्ट मॉयरच्या उत्तरात बसत नाही, हे कबूल. तो शेवटपर्यंत वेगावरच होता आणि सप्टेंबर १९९३ मध्ये सिअ‍ॅटलला कोपराचं लिगामेंट तुटल्यावरच थांबला. अशी शरीरं पिढीत एखादी निपजतात, त्यांच्यावरून नियम काढू नये.

पाच दिवसांचं चक्र थोडक्यात. सामन्यात शंभरच्या आसपास चेंडू. दुसऱ्या दिवशी हलकं धावणं किंवा सायकल, पायांचे वजनी व्यायाम, खांद्याची मोजणी. त्यानंतर कधीतरी एकदा बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाच्या जागेत) पंचवीस-तीस चेंडू, पूर्ण जोराने नाहीत, जागा साधण्यासाठी. मधल्या दिवसांत साधी फेकाफेक आणि लांब अंतरावरून टाकणं. आदल्या दिवशी जवळजवळ काही नाही, समोरच्या फलंदाजांचा अभ्यास. खांद्याची मोजणी मात्र महत्त्वाची. पाठीवर झोपवून, कोपर काटकोनात ठेवून, हात मागे किती जातो आणि पुढे किती येतो ते मोजतात. पिचरचा टाकणारा हात मागे जास्त जातो आणि पुढे कमी येतो. ते ठीक आहे, पण दोन्हींची बेरीज दोन्ही खांद्यांत जवळपास सारखी हवी. टाकणाऱ्या बाजूची बेरीज पाच अंशांहून जास्त घटली की फिजिओ सावध होतात. कारण खांद्याचा मागचा भाग आखडलेला असतो. चेंडू सुटल्यावर हात निखळून पुढे जाऊ नये म्हणून त्याला अडवायचं काम तोच भाग करतो, आणि तो जोर जवळजवळ अंगाच्या वजनाएवढा असतो. त्यासाठी टाकणाऱ्या कुशीवर झोपून कोपर समोर काटकोनात ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने मनगट हलकेच जमिनीकडे दाबायचं, तीस सेकंद, तीन वेळा. पुढच्या बाजूला टोचलं तर थांबायचं. जोर लावून दाबणारे खांदा बिघडवून घेतात.

हात राखून ठेवला म्हणून टिकला, हा समज मला पटत नाही. न टाकलेला हात मऊ पडतो. टिकणारे लोक नेमाने टाकतात, पण दमल्यावर टाकत नाहीत.

एवढं करूनही तुटायचं ते तुटतंच. १७ जुलै १९७४ ला टॉमी जॉनचं लिगामेंट गेलं. तोवर १२४ विजय. त्याआधी अशा दुखापतीनंतर पिचर घरी जात. २५ सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून डाव्या कोपरात बसवला. यश येण्याची शक्यता शंभरात एक सांगितली होती. हा टेंडन तुम्हाला स्वतःच्या हातात बघता येईल: अंगठा आणि करंगळी टेकवा, मनगट किंचित आत वाकवा, मधोमध दोरीसारखं उठून दिसतं ते. काहींना तो नसतोच, आणि नसला तरी काही अडत नाही, म्हणून तर तो काढता येतो. हाडांना भोकं पाडून त्यातून तो ओवतात. जॉन १९७६ ला परतला, १९८९ पर्यंत खेळला, आणि शस्त्रक्रियेनंतर आणखी १६४ सामने जिंकला. आता ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखतात. परतायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. मॉयरने ती डिसेंबर २०१० मध्ये करून घेतली, नुकती ४८ पूर्ण झालेली असताना. डेन्व्हरचा तो विजय त्यानंतर साडेसोळा महिन्यांनी.

फरकावर जगण्याचे दुसरेही मार्ग आहेत. फिल नीक्रो नकलबॉल टाकायचा: नखांच्या टोकांनी धरलेला, जवळजवळ न फिरणारा चेंडू, जो कुठे जाईल ते त्यालाही माहीत नसायचं. हात पूर्ण ताणावा लागत नाही, म्हणून ४८ व्या वर्षापर्यंत खेळला. ३१८ विजयांपैकी १२१ चाळिशीनंतरचे. जपानमध्ये नागोयाच्या चुनिची ड्रॅगन्सकडून मासाहिरो यामामोतो सगळी कारकीर्द एकाच संघात खेळला, २१९ विजय, त्यातला शेवटचा ४९ व्या वर्षी २०१४ मध्ये, आणि पन्नाशी पूर्ण करून २०१५ ला थांबला. तोही डावखुरा, तोही सावकाश, हुकमी चेंडू स्क्रूबॉल (नेहमीच्या उलट बाजूला वळणारा), आणि तो शिकला अमेरिकेत, १९८८ मध्ये संघाने तिकडे पाठवलं तेव्हा. जपानी पिचरची पाळी आठवड्याला एकदा येते, पाच दिवसांनी नाही, याचाही हात असणार.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी किंवा बे एरियातून (सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर) जे विचारतात त्यांचा प्रश्न वेगळा असतो: मुलगा अकरा वर्षांचा, लीगमध्ये पिचिंग करतो, किती टाकू द्यावं? मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलची मार्गदर्शक मर्यादा आहे: ९-१० वयाला दिवसाला ७५ चेंडू, ११-१२ ला ८५, १३-१४ ला ९५. चौदापर्यंतच्या मुलाने २१ ते ३५ टाकले तर एक दिवस विश्रांती, ५० पर्यंत दोन, ६५ पर्यंत तीन, त्यापुढे चार. पिचिंग केलेल्या दिवशी त्याच मुलाला कॅचर (तिथला यष्टिरक्षक) करू नये. वर्षातून किमान चार महिने पिचिंग बंद. घोळ होतो तो दोन संघांतून खेळणाऱ्या मुलांचा, कारण दोन्ही प्रशिक्षक आपापलेच चेंडू मोजतात. वही पालकाने ठेवावी. आणि कर्व्हच्या (वळणाऱ्या चेंडूच्या) आधी चेंजअप शिकवा. लहान हाताला सर्कल जमत नाही, त्याला तीन बोटं वर आणि अंगठा-करंगळी खाली अशी पकड द्या.

राहिला शेवट. शस्त्रक्रियेनंतर मॉयरचा हात शेवटपर्यंत शाबूत होता. फास्टबॉल ८२ वरून ७८ वर आला, पण चेंजअप त्याच प्रमाणात सावकाश करता येत नाही, कारण फार सावकाश चेंडू हातातून सुटतानाच वेगळा, वर उडालेला दिसतो. म्हणजे फरक आक्रसत गेला. मे २०१२ अखेरीला रॉकीजनी त्याला यादीतून काढलं: दोन विजय, पाच पराभव. त्यानंतरही तो बाल्टिमोर आणि टोरोंटोच्या मायनर लीग संघांकडून टाकायला गेला. दोन्हीकडे काही आठवडेच.